केसपेपरआधी पासपोर्ट?

नालासोपाऱ्याचं प्रगतीनगर बातम्यांत येतं ते छाप्यांमुळे, अमली पदार्थांमुळे, व्हिसा संपलेल्या नायजेरियन नागरिकांमुळे. गुन्हा असेल तिथे कारवाई व्हायलाच हवी. पण त्याच इमारतींत माणसं तापानं फणफणतात, बायका बाळंत होतात. १ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांविषयीच्या नव्या कायद्यानुसार, दाखल केलेल्या परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयानं नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची आहे. माहिती द्या, एवढंच कायदा सांगतो. उपचार नाकारा, असं सांगत नाही. तरीही पकडले जाण्याच्या धास्तीनं माणूस दवाखाना टाळतो आणि मेडिकलमधून गोळ्या घेऊन दिवस काढतो.

काही आजारांत असे दिवस काढता येत नाहीत. सिकलसेल हा त्यातला एक. जगात या आजाराचे सर्वाधिक रुग्ण नायजेरियात आहेत, आणि आपल्या पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांनाही तो चांगलाच ठाऊक आहे. दोन्हीकडचं कारण एकच, मलेरिया. आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच या आजाराचा जनुकीय दोष आला, तर मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं, म्हणून तो पिढ्यान् पिढ्या टिकला. दोघांकडून आला, तर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य कळा येतात. आफ्रिकी रुग्णांत हा आजार बहुधा अधिक तीव्र असतो. अशा वेळी जोरकस वेदनाशामक मागणाऱ्या कृष्णवर्णीय रुग्णावर नशेबाजीचा संशय घेतला जातो, हे अमेरिकेतल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. प्रगतीनगरचा पत्ता सांगणाऱ्यावर असा संशय घेतला जाण्याची भीती इथे अधिकच आहे.

खरं तर या आजाराची जाण पालघरच्या सरकारी डॉक्टरांइतकी फार थोड्यांना असेल. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेचा भर आदिवासी भागांवर आहे. तीच तपासणी नालासोपाऱ्यातल्या तुळिंजच्या पालिका रुग्णालयात आफ्रिकी गरोदर बाईला आणि तिच्या बाळाला, आणि हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध ते चालणाऱ्या आफ्रिकी रुग्णाला का मिळू नये?

आधी जीव वाचवा, पोलिसी सोपस्कार नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९मध्येच परमानंद कटारा प्रकरणात बजावलं. घटनेच्या कलम २१चं संरक्षण परदेशी माणसालाही आहे, हे २०००च्या चंद्रिमा दास निकालात स्पष्ट झालं. मग वसई-विरार महापालिकेनं प्रत्येक रुग्णालयाच्या दारात मराठी, हिंदी आणि इंग्रजीत फलक लावावा: तातडीच्या उपचारांसाठी कागदपत्रांची अट नाही. दाखल रुग्णाची कायद्यानं लागणारी माहिती रुग्णालयाच्या कार्यालयानं कळवावी. डॉक्टरांनी फक्त रुग्ण तपासावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेसं आहे.