आकाशातील भाड्याचा पंप

विमान जितके जड, तितकी त्याला धावपट्टी लांब लागते. म्हणून लढाऊ विमान कधी कधी थोडेच इंधन घेऊन उठते. उरलेले टँकर विमानाच्या लोंबत्या नळीतून आकाशातच भरून घेते. ब्रिटनने ही सेवा खासगी कंपनीकडून घ्यायचे ठरवले. २००० साली निविदा मागवल्या, करार झाला मार्च २००८ मध्ये! २७ वर्षांच्या करारातला धोका कोणी पत्करायचा, कर्ज कसे उभारायचे, यातच वर्षे गेली. तोवर राबली ती १९६२ मध्ये प्रथम उडालेल्या व्हीसी-१० जातीची म्हातारी विमाने, थेट २०१३ पर्यंत. एक तार मागेपुढे वाकवत राहा. ती तुटेल. दर उड्डाणात विमानाचा पत्राही असाच किंचित ताणला जातो. वाटाघाटी थांबतात, हा ताण थांबत नाही. मग तपासणी नि दुरुस्तीतच विमाने अडकून पडतात.