३७ फर्म्यांची कादंबरी

अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकविक्रेत्याच्या गल्ल्याजवळ दोनशे पानी वही ठेवलेली होती. नव्या कादंबरीसाठी आगाऊ पैसे भरलेल्यांची नावं तिच्यात होती आणि प्रत्येक नावापुढे एकेक अक्षर होतं, ‘पु’ किंवा ‘सा’. पुठ्ठा बांधणी की साधी बांधणी, याची ती खूण. साध्या प्रती शुक्रवारी येणार, पुठ्ठ्याच्या त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, असं दुकानदार येईल त्याला सांगत होते. “शुक्रवारी दुकान किती वाजता उघडतं, काका?” कॉलेजातल्या एका मुलाने विचारलं. त्याच्या मागे उभ्या असलेल्या निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “माझी पुठ्ठ्याचीच ठेवा. एवढी वर्षं थांबले, आठ दिवसांनी काय बिघडतंय?”

मराठी वाचकाला वाट पाहण्याचा सराव आहे. नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ साली आली आणि ‘हिंदू’बद्दल वर्षानुवर्षं ऐकत राहिलेल्या वाचकांच्या हाती ती पडली २०१० साली. पण ते लेखकाची वाट पाहणं झालं. इथे कादंबरी लिहून झाली होती, छापूनही झाली होती. इंग्रजी प्रकाशनविश्वात आधी पुठ्ठ्याची आवृत्ती काढून साधारण वर्षभराने स्वस्त आवृत्ती काढण्याचा रिवाज आहे. तो व्यापाराचा हिशेब. आपल्याकडे एकाच छपाईतल्या, एकाच कागदावरच्या प्रतींमध्ये हे आठ-दहा दिवस कुठून येतात, ते मला पाहायचं होतं. म्हणून जिथे ही कादंबरी बांधली जात होती त्या बाइंडिंगखान्यात गेलो.

जुन्या वाड्याचा तळमजला. बाहेर पावसाची झड, आत दिवसाही दिवे लावलेले. दारातच दोन वास येतात. डावीकडून यंत्रातल्या तापलेल्या गोंदाचा, उजवीकडून खळीचा. खळीत मोरचूद घालतात, कीड लागू नये म्हणून. तो आंबूस, किंचित धातूसारखा वास नंतर कपड्यांना राहिला आणि मला तो आवडला.

“३७ फर्मे आहेत,” मालक म्हणाले. १६ पानांचा एक फर्मा, म्हणजे ५९२ पानं. आवृत्ती दोन हजारांची. ७४ हजार घड्या घातलेले फर्मे भिंतीला लागून छातीइतक्या उंच थप्प्यांत उभे होते. घड्या यंत्रावर होतात. जुळणी अजून हाताने, आणि ती पाच बायका करतात.

त्या पाचजणींमधल्या सर्वांत वयस्कर मावशींपाशी मी सगळ्यात जास्त वेळ उभा राहिलो. लांब टेबलावर ३७ थप्प्या ओळीने मांडलेल्या. मावशी टेबलाच्या कडेने चालत जातात आणि प्रत्येक थप्पीवरचा एक फर्मा उजव्या हाताने उचलून डाव्या हातावर घेतात. टोकाला पोचल्या की एक कादंबरी झालेली असते. ती टेबलावर ठोकून सारखी करायची, ठेवायची, पुन्हा पहिल्या थप्पीपाशी यायचं. पैसे हजारी हिशेबाने मिळतात, त्यामुळे पाय थांबत नाहीत.

एक पान इकडचं तिकडे झालं तर? मावशींनी उत्तर न देता एक गठ्ठा पाठीकडून माझ्यासमोर धरला. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक काळी खूण छापलेली असते, पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जराशी खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. सगळे फर्मे क्रमाने लागले की पाठीवर तिरकी उतरती ओळ दिसते. फर्मा गाळला तर ओळीत खाच पडते, दोनदा आला तर दोन खुणा शेजारी-शेजारी. “वाचता येत नसलं तरी हे दिसतं,” मावशी म्हणाल्या. पाठीवर वरून खाली एकदा बोट फिरवलं आणि गठ्ठा बाजूला सारला. “३७. बरोबर.”

यानंतर वाटा फुटतात. साध्या प्रतीची पाठ यंत्र खरवडतं. फर्म्यांच्या घड्या तिथेच संपतात, सगळी पानं सुटी होतात आणि गरम गोंद त्यांना कव्हराशी धरून ठेवतो. काही सेकंदांत गोंद आवळतो, तिन्ही बाजू कापल्या की पुस्तक तयार.

पुठ्ठ्याच्या प्रतीत घडी तशीच राहते. घडीच्या मध्यातून दोरा जातो आणि फर्मा फर्म्याला शिवला जातो. पाठीला गोंद, त्यावर जाळीचं कापड, हातोडीने दिलेली गोलाई. दुसरीकडे पुठ्ठ्याचं कव्हर वेगळं बनतं. मग खळ लावून दोन्हींचं लग्न लागतं आणि प्रती लाकडी फळ्यांमध्ये वजनाखाली जातात. खळ म्हणजे पाणीच. ते पुठ्ठ्यातून आणि कागदातून सावकाश निघून जावं लागतं. घाईने काढलं तर पुठ्ठा वाकतो, आतल्या कोऱ्या कागदाला लाटा येतात. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे उन्हाळ्यात एका रात्रीत होणारं काम लांबतं. शिवणीला लागणारे दिवस आणि हे वाळणं मिळून ते आठ-दहा दिवस होतात. मी असताना दुकानांतून सारखे फोन येत होते. मालक प्रत्येकाला एकच सांगत, “वाळल्याशिवाय देणार नाही.” त्यांच्याबद्दल मला आदर वाटला.

मालकांनी कपाटातून दुसरीकडे बांधलेली एक जाडजूड कादंबरी काढली. पुठ्ठा भक्कम, वर झुळझुळीत जॅकेट. उघडून पाठीच्या वरच्या टोकाशी पाहायला सांगितलं. शिवलेल्या पुस्तकात तिथे फर्म्यांच्या गोल घड्या एकाशेजारी एक दिसतात. इथे गोंदाची सपाट पट्टी होती. शिवण नव्हतीच. साधी बांधणी पुठ्ठ्यात घातली होती आणि किंमत पुठ्ठ्याची लावली होती. ही वाचकाची सरळ फसवणूक आहे, कारण पुस्तक टिकतं ते दोऱ्याने. पुठ्ठा फक्त कोपरे सांभाळतो.

याचा सगळ्यात जास्त मार ग्रंथालयांना बसतो. १९६७च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक ग्रंथालयं महाराष्ट्रात आहेत, आणि गाजलेली कादंबरी तिथे एका हातातून दुसऱ्या हातात जात राहते. गोंद सुटून पानं गळायला लागली की गावातला बाइंडर समासातून आरपार टाके घालतो. पुस्तक वाचतं, पण पुन्हा पूर्ण उघडत नाही. ओळींची सुरुवात वाचायला अंगठ्याने पानं दाबून धरावी लागतात. पहिल्यांदाच शिवलं असतं तर ही वेळ आली नसती.

शुक्रवारची वाट पाहणाऱ्या त्या मुलाचं मला काहीच चुकीचं वाटत नाही. त्याच्या खिशाला परवडते ती प्रत त्याने पहिल्या दिवशी घ्यावी आणि रात्रभर वाचावी. पण साधी बांधणीही शिवता येते. घड्या न खरवडता शिवून घ्यायच्या आणि वर पातळ कव्हर लावायचं. खर्च वाढतो, पण थोडाच. प्रकाशनपूर्व सवलतीच्या जाहिरातीत पानं, किंमत, मुखपृष्ठकाराचं नाव, सगळं असतं. बांधणी शिवलेली आहे की चिकटवलेली, एवढं प्रकाशकांनी त्यातच छापावं. आगाऊ पैसे भरणाऱ्याला हे विचारायचा हक्क आहे, आणि त्याने वहीत नाव लिहितानाच ते विचारावं.