बोट लागते म्हणून दर्याचा धंदा सोडू नका

पावसाळी मासेमारी बंदी उठली की ऑगस्ट महिन्यात रत्नागिरीचा मिरकरवाडा, राजापूर तालुक्यातील साखरी नाटे, दापोलीचे हर्णै अशा बंदरांतून नौका पुन्हा दर्यात उतरतात. बंदीच्या काळात जाळी दुरुस्त झालेली असतात, इंजिने खोलून बसवलेली असतात, रंगरंगोटी झालेली असते. खलाशीही नव्याने ठरवले जातात. मालकाने डिझेल, बर्फ आणि शिधा भरून नौका बाहेर काढलेली असते, आणि बंदर मागे पडून तास होत नाही तोच नवा पोरगा तोंड पाडून कडेला बसतो. त्याला बोट लागलेली असते.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. पण हिशेब पाहा. फेरीचा खर्च वजा जाऊन मग वाटे पडतात. एक माणूस आडवा झाला की त्याचे काम बाकीच्यांवर येते, जाळे ओढायला वेळ लागतो, मासळी निवडून बर्फात घालायला उशीर होतो आणि लिलावात भाव पडतो. एखाद्याची प्रकृती फारच बिघडली तर नौका मागे फिरवावी लागते, आणि खर्च मात्र झालेला असतो. याहून मोठे नुकसान म्हणजे चांगली, कष्टाळू पोरे एकदोन फेऱ्यांनंतर "हे आपल्याला जमणार नाही" म्हणून धंदाच सोडतात. खलाशी मिळत नाहीत ही ओरड आम्ही बंदरोबंदरी ऐकतो. आज रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशीही मोठ्या संख्येने काम करतात. ज्याने आयुष्यात डोंगरच पाहिले, त्याला पहिल्या दिवशी दर्या लागला तर त्यात नवल ते काय!

आपल्याकडे याला लाजेची गोष्ट समजतात. बाप-चाचा दर्यावर्दी आणि पोराला बोट लागते, अशी थट्टा होते. मग पोरगा त्रास लपवतो आणि तो अधिक वाढतो. थट्टा करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगू की इंग्लंडचा सर्वांत नामांकित आरमारी सेनापती नेल्सन याला आयुष्यभर बोट लागत होती. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे बीगल जहाजाबरोबर जग फिरला, तोही समुद्रावर असताना या त्रासाने बेजार असायचा. धीटपणाशी याचा काही संबंध नाही.

संबंध आहे तो कानाशी. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारी यंत्रणा असते. नौका वर-खाली होते ते तिला बरोबर कळते. पण डोळे जर नौकेच्या फळीकडे, जाळ्याकडे किंवा खणाच्या भिंतीकडे लागलेले असतील, तर ते मेंदूला सांगतात की सगळे स्थिर आहे. दोन साक्षीदार दोन वेगळ्या जबान्या देतात आणि त्या गोंधळात पोट ढवळून निघते. साधारण पाच सेकंदांत एकदा वर जाऊन खाली येणारा संथ हेलकावा माणसाला सर्वांत जास्त छळतो. म्हणूनच भरधाव नौकेपेक्षा इंजिन बंद करून लाटांना आडवी झालेली नौका अधिक त्रास देते, आणि नेमके त्याच वेळी जाळ्याचे काम असते.

यावरून उपाय आपोआप सुचतात. नवा माणूस नौकेच्या मध्यभागी, उघड्या हवेत, पुढे तोंड करून बसावा. नाळेवर हेलकावा सर्वांत मोठा असतो, मागच्या बाजूला डिझेलचा धूर असतो. नजर लांब क्षितिजावर किंवा किनाऱ्याच्या डोंगरावर ठेवावी. मान खाली घालून करायची कामे, म्हणजे जाळ्याचे दोरे सोडवणे, मासळी निवडणे, खणात उतरून बर्फ फोडणे, इंजिनात डोके घालणे, ही पहिल्या दिवशी त्याला देऊ नयेत. मोबाइलवर मान खाली घालून बसणे तर साफ बंद. शक्य असेल तर तांडेलने थोडा वेळ आपल्या देखरेखीखाली त्याच्या हातात सुकाणू द्यावे. मोटार चालवणाऱ्याला सहसा गाडी लागत नाही, मागे बसलेल्याला लागते, त्याचे कारण हेच. पुढचा हेलकावा कधी येणार हे चालवणाऱ्याच्या शरीराला आधीच ठाऊक असते.

आमच्या कारागीर वाचकांनी इथे विशेष लक्ष द्यावे. इंजिनाचे मेकॅनिक, वायरमन, जीपीएस आणि मासे शोधण्याचे यंत्र बसवणारे हे लोक चाचणीसाठी नौकेबरोबर बाहेर जातात आणि त्यांचे सगळे काम खाली मान घालून, धुरात, बंद जागेत असते. रोज दर्यात जाण्याची सवय नाही ती वेगळीच. अशांनी दर दहा-पंधरा मिनिटांनी वर येऊन दूर पाहावे, हत्यारे हाताशी लावून ठेवावीत म्हणजे वाकून शोधावी लागत नाहीत, आणि जे काम धक्क्यावर बांधलेल्या नौकेत होण्यासारखे आहे ते तिथेच उरकून घ्यावे.

पोटाविषयी दोन टोकाच्या समजुती आहेत. काही जण रिकाम्या पोटी जातात, काही जण निघताना पोटभर तिखट रस्सा आणि तळलेले खाऊन निघतात. दोन्ही वाईट. आदल्या रात्री पुरी झोप, निघण्यापूर्वी हलके खाणे, म्हणजे चपाती, भात, केळे, आणि खिशात टोस्ट किंवा कोरडी बिस्किटे, एवढे पुरते. पाणी घोटाघोटाने प्यावे. विडी, गुटखा आणि मिश्री त्या दिवशी तरी बाजूला ठेवावी. मळमळणाऱ्या माणसाशेजारी बसून विडी ओढणाऱ्यालाही तांडेलने दूर पाठवावे. लिंबू हुंगणे, आवळा सुपारी चघळणे याने तोंडाला बरे वाटते. वाटत असेल तर जरूर करावे. आल्याची गोष्ट जरा वेगळी आहे. डेन्मार्कमध्ये ऐंशी आरमारी शिकाऊ तरुणांवर प्रयोग केला गेला आणि तो १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुंठेची पूड घेतलेल्यांना उलट्या आणि थंड घाम कमी झाला. सर्वच प्रयोगांत असा गुण आलेला नाही, पण आले स्वस्त आहे, घरात असते आणि त्याने गुंगी येत नाही. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांवर मात्र आम्ही पैसे घालवणार नाही.

आता गोळ्यांकडे येऊ. या गोळ्यांचा शोध योगायोगाने लागला. १९४७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. गे आणि डॉ. कार्लिनर यांनी अंगावर पित्त उठणाऱ्या एका बाईला नवे औषध दिले. तिला ट्राममध्ये बसले की मळमळायचे, ते औषधानंतर थांबले. मग न्यूयॉर्कहून जर्मनीला निघालेल्या जनरल बॅलू या सैनिकी जहाजावरील जवानांना ते देऊन पाहिले आणि त्याचा गुण दिसला. ड्रामामाइन ते हेच. आपल्याकडे अव्होमिन आणि स्टुजेरॉन ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. सगळी जवळपास त्याच जातीची औषधे.

गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन उपयोग नाही. त्या वेळी पोटाचे काम मंदावलेले असते आणि गोळी बाहेर तरी पडते किंवा तशीच पडून राहते. अव्होमिन आदल्या रात्री झोपताना किंवा निघण्यापूर्वी एक-दोन तास आधी घ्यायची असते. दुसरी आणि मोठी गोष्ट म्हणजे झोप. या गोळ्यांनी गुंगी येते, हात संथ होतात. जाळे ओढणाऱ्या यंत्रावर, फिरत्या दोरापाशी गुंगीतला माणूस उभा करणे म्हणजे त्याची बोटे, कधी जीवही, पणाला लावणे. म्हणून कोणतीही गोळी प्रथम घरी, सुट्टीच्या दिवशी घेऊन पाहावी आणि किती गुंगी येते ते जोखावे. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा किंवा फिट्स असणाऱ्यांनी, तसेच आधीच झोपेच्या किंवा मनाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. वयस्कर माणसांनी स्टुजेरॉन महिनोन्महिने घेत राहू नये, त्याने हातपाय थरथरू लागतात. सर्दीची सिट्रिझिन या कामी उपयोगी पडत नाही, आणि एका गोळीने भागले नाही म्हणून दोन-तीन घेणे हा तर शुद्ध वेडेपणा.

एवढे करूनही बोट लागलीच तर? पहिली खूण उलटी नसते. माणूस गप्प होतो, जांभया देतो, तोंडाला पाणी सुटते, चेहरा पांढरा पडतो, थंड घाम येतो. तांडेलने हे ओळखून त्याच क्षणी त्याला मोकळ्या हवेत मध्यभागी आणावे. जमत असेल तर आडवे करून, डोके स्थिर ठेवून, डोळे मिटायला सांगावे. उलटीसाठी बादली द्यावी. कठड्यावरून ओणवा होऊन ओकताना माणूस पाण्यात जातो आणि रात्री कोणाच्या लक्षातही येत नाही. लाइफ जॅकेट अंगात हवेच. उलटीनंतर दहा मिनिटे थांबून जलसंजीवनीचे पाणी चमच्या-चमच्याने पाजावे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ याहून जास्त नको.

रमजानात रोजा ठेवून दर्यावर जाणाऱ्यांचा प्रश्न येतो. उलट्या आणि उन्हाने अंगातले पाणी फार झपाट्याने कमी होते. आजारी आणि सफरीतील माणसाला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआन शरीफमध्येच आहे. आपल्या फेरीला ती लागू आहे का, हे निघण्यापूर्वी मौलवी साहेबांना विचारून घ्यावे.

प्रत्येक मळमळ बोट लागल्याची नसते, हेही ध्यानात ठेवावे. छातीत दुखणे, पोटात एकाच जागी कळ, ताप, रक्ताची उलटी, बरळणे, किंवा पाण्याचा घोटही दिवसभर न टिकणे आणि लघवी बंद होणे, ही लक्षणे असतील तर फेरीचा हिशेब बाजूला ठेवून नौका वळवावी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारा माणूस ओकत असेल तर त्याहूनही लवकर. बंद केबिनमध्ये झोपलेल्या दोघा-तिघांचे एकदम डोके दुखून मळमळू लागले तर तो इंजिनाच्या धुरातील विषारी वायू असू शकतो. सर्वांना आधी बाहेर काढावे. मदतीसाठी व्हीएचएफचे १६ नंबरचे चॅनेल आहे, आणि मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक.

बहुतेकांचा त्रास दोन-तीन दिवस सलग समुद्रावर राहिले की कमी होतो, शरीर हेलकावा शिकून घेते. मात्र लांब सुट्टी झाली की ही सवय मोडते, आणि म्हणूनच ऑगस्टच्या पहिल्या फेरीला, तेही नैऋत्येची लाट अजून जोरात असताना, जुने खलाशीही कधीकधी मळमळतात. मालकांना आमची सूचना अशी की नव्या माणसाची पहिली फेरी शक्यतो एका दिवसाची, किनाऱ्याजवळची ठेवावी आणि वातावरण निवळल्यावर लांबची. त्याचा पहिल्या फेरीचा वाटा कापू नये. थोडेथोडके लोक असेही असतात की ज्यांना कितीही फेऱ्या केल्या तरी सवय होत नाही. त्यांना धक्क्यावरचे काम द्यावे, लिलाव, बर्फ, जाळी हीही कामे धंद्याचीच आहेत.

बंदरात उतरल्यावर काही तास जमीनच डोलते आहे असे वाटते. ते आपोआप जाते. पण गोळी घेतलेल्या खलाशाने त्याच पावली मोटारसायकलला किक मारू नये. घरी कोणाच्या तरी मागे बसून जावे.