चादरीच्या पलीकडचं सोलापूर

हॉस्टेलवर पहिल्या दिवशी सीनियर्सनी विचारलं, "कुठला रे तू?" म्हटलं, "सोलापूर." लगेच खोलीतून कोरस आला, "चादर आण रे चार!" त्यानंतर दर सुट्टीत माझ्या बॅगेत चादरी आणि शेंगाचटणी. चटणी पहिल्या रात्रीच संपते, चादरी मात्र आमच्या मजल्यावरच्या निम्म्या कॉटवर आजही आहेत. तक्रार नाही. चादर आहेच तशी. पण 'सोलापूर म्हणजे चादर' एवढंच ऐकून ऐकून एक दिवस मी चिडलो आणि म्हणालो, "आमच्या गावाचे चार जण फासावर गेलेत, माहितीये?"

रूम पार्टनर शांतपणे म्हणाला, "नावं सांग."

मी मल्लप्पा धनशेट्टी म्हणालो, जगन्नाथ शिंदे म्हणालो आणि अडकलो. मित्रहो, ज्या चार हुतात्मा चौकातून मी दहा वर्षं शाळेला गेलो, जिथे त्या चौघांचे पुतळे रोज माझ्याकडे बघायचे, त्यांतली दोन नावं मला येईनात. कान असे गरम झाले म्हणून सांगू! त्या दिवाळीत घरी गेल्यावर फराळाआधी चौकात जाऊन उभा राहिलो. उरलेली नावं होती अब्दुल रसूल कुर्बान हुसेन आणि श्रीकिसन सारडा.

प्रकरण असं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. तेव्हा हे गिरण्यांचं गाव. १८७७ साली सुरू झालेली 'जुनी मिल' आणि तिच्यामागून आलेल्या मिलचे हजारो कामगार रस्त्यावर आले. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौकी जाळली गेली. मग तीन-चार दिवस गावात इंग्रजांचा अंमल जवळजवळ उरलाच नव्हता, रस्त्यावरची व्यवस्था स्वयंसेवक बघत होते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि जूनअखेरपर्यंत चालला. तिरंगा हातात दिसला तरी शिक्षा! पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली. आमच्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरते, तिला आम्ही 'गड्डा' म्हणतो. म्हणजे ऐन गड्ड्याच्या तोंडावर. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. चार नावं, चार वेगळे समाज. ज्या गावात एका गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येते, तिथे यात नवल वाटत नाही.

दुसरे, डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. चौघे परत आले, कोटणीस नाही आले. डोंगराळ भागात सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले, बेथ्यून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच को छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल काही महिन्यांचं असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय फक्त ३२. १९४६ साली शांतारामबापूंनी त्यांच्यावर सिनेमा काढला आणि स्वतःच कोटणीस झाले. चीनमध्ये त्यांचा पुतळा आहे, समाधी आहे. आणि आमच्या मजल्यावर विचारलं तर निम्मे म्हणाले, "कोटणीस म्हणजे कोण, सोलापूरचे?"

आता आपल्या इंजिनिअर लोकांसाठी. वालचंद हिराचंद. सांगलीत आणि सोलापुरात त्यांच्या नावाची इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत, पण माणूस सोलापूरचा, जन्म १८८२ चा. घरचा व्यापार सोडून फाटक नावाच्या भागीदाराबरोबर ते रेल्वेचे कंत्राटदार झाले, आणि सुरुवातीचं काम मिळालं ते बार्शी लाइट रेल्वेचं. ही आमच्या जिल्ह्यातली अडीच फुटी गेजची रेल्वे, १८९७ साली सुरू झालेली. तिचा इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप याचा हिशेब सरळ होता: प्रत्येक अ‍ॅक्सलवर पाच टनच भार ठेवायचा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही जास्त माल नेता येतो. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवलं, नाव दिलं 'गार्डियन एंजल'. बार्शी ते पॅराशूट! आता तिथे ब्रॉडगेज आहे, पण आमचे आजोबा अजून 'बार्शी लाइट'च म्हणतात.

वालचंद तिथून कुठे गेले बघा. १९१९ साली सिंदिया कंपनीचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ती तारीख, ५ एप्रिल, आपला सागरी दिन आहे. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना, म्हणजे आजचं एचएएल. मग विशाखापट्टणमला गोदी, आणि मोटारींसाठी प्रीमियर. ज्या गावात आज नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, त्या गावच्या माणसाने जहाजं बांधली, हे मला अजून गमतीचं वाटतं. (पाण्याबद्दल जास्त बोलत नाही, घरी फोन केला की तेच ऐकतो.)

नान्नजचे माळढोक आणि हुरडा राहिले, पण जागा संपली. या जानेवारीत रूम पार्टनर गड्ड्याला येतोय. स्टेशनवर उतरल्यावर आधी चौकात नेणार आहे, चादरीच्या दुकानात नंतर. चारही नावं आता त्याला पाठ आहेत. मधे मीच एकदा पुन्हा अडकलो, तर त्यानेच सांगितलं, "सारडा रे, सारडा."