आठवीचा पहिला महिना : दादा-ताईंनो, इथे तुमची गरज आहे

ज्यांना ऐकायला जमलं नाही, किंवा एसटीत रेंज गेली म्हणून भाग अर्ध्यावर अडकला, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय.

आजचा विषय आहे हायस्कूल. तुम्ही म्हणाल, आमचं तर कधीच झालं! बरोबर, म्हणूनच तुमच्याशी बोलतेय. तुमच्या घरात, चाळीत किंवा भावकीत या जूनमध्ये कुणीतरी आठवीत गेलंय. त्याला आई-बाबांपेक्षा तुमची मदत जास्त होऊ शकते. कशी, ते सांगते.

मागच्या वर्षीची गोष्ट आहे. माझ्या मामाची मुलगी आठवीत गेली. वाडीतली शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे हायस्कूल बाजाराच्या गावाला, घरापासून नऊ किलोमीटरवर. पहिले दोन आठवडे मजेत गेले. मग तिचं पोट दुखायला लागलं, तेही दर सोमवारी आणि गुरुवारी. मामीने ओवा दिला, दवाखान्यात नेलं, पण काही निघालं नाही. शेवटी मामा म्हणाला, "नसेल जमत तर राहू दे. घरीच मदत होईल."

ते ऐकलं आणि माझ्याच पोटात गोळा आला. वाडीतल्या किती मुलींची शाळा याच एका वाक्यावर सुटली, ते मी पाहिलंय.

रविवारी गेले आणि तिचं वेळापत्रक बघितलं. सोमवार आणि गुरुवार, गणिताचा जोडतास! खोदून विचारल्यावर बाईसाहेब बोलल्या. सरांनी तिला उभं करून विचारलं होतं, या अपूर्णांकाचा डिनॉमिनेटर कुठला? ती गप्प राहिली आणि वर्ग हसला. मला म्हणाली, "ताई, छेद मला माहितीये गं. डिनॉमिनेटर म्हणजेच छेद, हे कुणी सांगितलंच नव्हतं."

बघा, गणित येत होतं. अडलं होतं एका शब्दावर.

आठवीत नेमकं काय बदलतं?

पहिली गोष्ट भाषा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेलं पोर हायस्कूलला बऱ्याचदा सेमीच्या तुकडीत बसतं. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. काल जी त्रिज्या होती ती आज रेडियस, वर्गमूळ झालं स्क्वेअर रूट, पेशी झाली सेल. डोकं तेच असतं, पण प्रत्येक वाक्य आधी मनात मराठीत आणावं लागतं. तोवर सर पुढच्या गणितावर गेलेले असतात.

दुसरी गोष्ट माणसं. गावातल्या शाळेत बाईंना आपलं घरदार माहीत असतं. इथे तासागणिक शिक्षक बदलतात आणि महिनाभर नावानेही कुणी हाक मारत नाही.

तिसरी गोष्ट नंबर. चौदा जणांच्या वर्गात पहिला येणारा इथे साठातला एक होतो. इतकी वर्षं 'हुशार' हीच त्याची ओळख असते. तीच गेल्यावर तो हात वर करणं बंद करतो.

आणि चौथी गोष्ट शरीर. याच वयात उंची, आवाज, पाळी, पिंपल्स सगळं एकदम सुरू होतं. झोपेचं घड्याळसुद्धा पुढे सरकतं, रात्री लवकर झोप येत नाही. त्यात पहाटे उठून गाडी पकडायची. मग पोर चिडचिड करणारच ना?

तुम्ही काय करू शकता?

एक : "अभ्यास कसा चाललाय?" असं विचारू नका. "बरा" एवढंच उत्तर मिळतं. त्यापेक्षा "आज डबा कुणाबरोबर खाल्लास?" असं विचारा. सलग आठवडाभर "एकटाच" ऐकू आलं, तर समजा की पहिली गरज अभ्यासाची नाही, एका मित्राची आहे.

दोन : शब्दांची वही करून द्या. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. रोज पाचच. ई-बालभारतीच्या साइटवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. तोच धडा आधी मराठीत वाचायचा, मग इंग्रजीत. आम्ही हेच केलं. एवढं करूनही फारच जड जात असेल आणि शाळेत मराठी माध्यमाची तुकडी असेल, तर तिकडे जाण्यात कमीपणा काहीच नाही.

तीन : वाट सोपी करा. पहिल्या आठवड्यात एकदा सोबत जा. गाडी चुकली तर काय करायचं, फोन कुणाच्या दुकानातून करायचा, हे ठरवून ठेवा. विद्यार्थ्यांना एसटीचा पास एक तृतीयांश पैशांत मिळतो. ग्रामीण भागातल्या पाचवी ते बारावीच्या मुलींना तर अहिल्यादेवी होळकर योजनेत तो मोफत आहे. "जायला यायला परवडत नाही" असं घरी कुणी म्हणालं, तर हे सांगा.

चार : एनएमएमएस परीक्षेचा फॉर्म विसरू नका. सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी ती असते. घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत किमान 55 टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी 12,000 रुपये शिष्यवृत्ती मिळते. शाळा थांबवायच्या गप्पा सुरू असतात त्या घरात या रकमेचं वजन मोठं असतं.

आणि हे दिसलं तर थांबू नका

जेवण तुटलं, झोप उडाली, सतत रडू येतंय, अंगावर वळ आहेत किंवा "मला जगायचंच नाही" असं काही बोलणं आलं, तर ते 'वयाचं खूळ' म्हणून सोडू नका. घरातल्या मोठ्यांना आणि वर्गशिक्षकांना सांगा. लहान मुलांसाठी 1098 आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416, दोन्ही नंबर मोफत आहेत. आत्ताच सेव्ह करा.

माझ्या बहिणीचं काय झालं? पहिल्या घटक चाचणीत गणितात 20 पैकी 9 पडले. मामा काही बोलायच्या आत मी म्हटलं, "मामा, हे नऊ तिने इंग्रजीतून मिळवलेत." तो वही हातात घेऊन बराच वेळ बघत बसला. शाळा थांबवायचं पुन्हा काही बोलला नाही. सोमवारचं पोट दुखणं दिवाळीच्या आधीच थांबलं. आता तीच शेजारच्या सातवीतल्या पोराला सांगते, "छेद म्हणजे डिनॉमिनेटर, लिहून ठेव. पुढे उपयोगी पडेल."

चला तर मग, आज घरी गेलात की एवढंच विचारा, डबा कुणाबरोबर खाल्लास? भेटू पुढच्या भागात!