तांब्यावर कोरलेले छत्रपती

शिवाजी महाराजांचे जे डच छापील चित्र वा. सी. बेंद्रे यांच्या संशोधनामुळे महाराष्ट्राच्या परिचयाचे झाले, ते कितपत अस्सल मानावे, असा प्रश्न अंबरनाथजवळच्या पालेगावातील एका वाचकाने विचारला आहे. हे चित्र 1724 ते 1726 या काळात प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातील. ‘अस्सल’ हा दप्तरी शब्द येथे लावताना एका माणसाचा विसर पडतो. तो म्हणजे महाराजांना कधीही न पाहिलेला, हॉलंडातला तांबे कोरणारा कारागीर.

गुळगुळीत पत्र्यावर तो पोलादी कोरणी पुढे रेटीत जाई, आणि रेषेला बाक द्यायचा तेव्हा हात स्थिर ठेवून चामडी उशीवरचा पत्राच फिरवी. खाचांत शाई भरून वरचा भाग स्वच्छ पुसला आणि ओलसर कागद रुळांखालून दाबून काढला, की कागद खाचेत शिरून शाई उचलतो. रेषा किंचित उठून येते. शंभराच्या कोऱ्या नोटेवर गांधीजींच्या चित्रावरून बोट फिरवावे, म्हणजे खात्री पटेल. करडा रंग या विद्येत नाहीच. छाया हवी तर खाच खोल करून रेषा जाड करायची, किंवा रेषा दाट घालायच्या. क्लोद मेलाँ या फ्रेंच कलावंताने 1649 मध्ये ख्रिस्ताचा अवघा मुखवटा नाकाच्या शेंड्यापासून निघालेल्या एकाच चक्राकार रेषेत कोरला (हे अचाट साहस मला तरी कोणत्याही राजचित्रापेक्षा प्रिय आहे!), आणि 1660 साली चौदाव्या लुईच्या फर्मानाने या कलेला कारागीरसंघांच्या बंधनातून मुक्त केले, त्या लुईच्या मुद्रा रोबेर नांतईने याच जाड-दाट रेषांच्या पद्धतीने कोरल्या.

परंतु छापताना डावे ते उजवे होते. समोरचे चित्र जसेच्या तसे कोरले, तर छापात तलवार दुसऱ्या हातात जाते; आणि आपल्याकडे त्याहून मोठा घोटाळा संभवतो, कारण त्या काळी जाम्याचे बंद हिंदू डाव्या बगलेशी व मुसलमान उजव्या बगलेशी बांधीत. म्हणजे कारागिराची एक बेपर्वाई राजाचा धर्मही पालटू शकते.

तेव्हा रुजुवात करायची ती कारागिरासमोर नमुना म्हणून असू शकतील अशा दख्खनी लघुचित्रांशी. ॲमस्टरडॅमच्या रेक्सम्युझियममधील गोवळकोंडा शैलीच्या संग्रहात महाराजांचे असे एक चित्र आहे. त्या शैलीचे चितारी चेहरा एका बाजूने दाखवीत आणि गालावर गडद छाया टाकीत नसत. म्हणून नाकाचा व दाढीचा घाट दख्खनचा समजावा, पण डच छापात गालावर आडव्यातिडव्या रेषांची सावली आढळली, तर ती निःशंकपणे हॉलंडाच्या खात्यावर मांडावी.