एकच नाव, अनेक पेट्या

नाशिकच्या संगीतप्रेमी घरात एखादी जुनी, उंची लाउडस्पीकर जोडी आणायची झाल्यास शोध बहुधा मुंबईच्या चोर बाजारापर्यंत किंवा लॅमिंग्टन रस्त्यापर्यंत पोहोचतो. १९९१ पूर्वीच्या आयातनिर्बंधांमुळे अशा परदेशी जोड्या दुकानांतून क्वचितच विकल्या गेल्या. त्या प्रामुख्याने परदेशातून परतणाऱ्यांच्या सामानातून आल्या, आणि म्हणूनच त्यांच्यासोबत पावती, माहितीपुस्तिका किंवा मूळ खोका सहसा नसतो व त्यांची ओळख केवळ वस्तूवरूनच पटवावी लागते.

ही ओळख किती गुंतागुंतीची असू शकते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे बीबीसीचा एलएस३/५ए. या नावातच आवृत्तीची नोंद आहे: ‘एलएस’ म्हणजे लाउडस्पीकर, ३ हा आकडा स्टुडिओबाहेरील प्रक्षेपणाच्या गटाचा, ५ हा त्या गटातील रचनेचा क्रमांक आणि ‘ए’ ही तिची सुधारणा. प्रक्षेपणाच्या गाडीत मोठी पेटी मावत नसल्याने बीबीसीच्या संशोधन विभागाने ही सुमारे ३०५ मिलिमीटर उंचीची रचना तयार केली, आणि हारवुड, व्हॉटन व मिल्स यांनी तिचा अहवाल १९७६ मध्ये प्रसिद्ध केला. बीबीसी स्वतः ती बाजारासाठी बनवत नव्हती. परवाने रॉजर्स, चार्टवेल, ऑडिओमास्टर, स्पेंडॉर, हारबेथ, केफ आदी कंपन्यांकडे गेले, त्यामुळे पुढच्या पाटीवरील नाव वेगळे असूनही आतील रचना एकाच आराखड्याची असते.

खरा भेद पाटीत नाही, तो विद्युतरोधात आहे. १९८७ च्या सुमारापर्यंतची आवृत्ती १५ ओहमची, त्यानंतरची ११ ओहमची. केफने बनवलेल्या बी११० या वूफरच्या, म्हणजे खालचे व मधले स्वर देणाऱ्या घटकाच्या, उत्पादनात काळाच्या ओघात फरक पडत गेला. तो सावरण्यासाठी वूफर बदलला आणि क्रॉसओव्हर, म्हणजे स्वरपट्टी विभागून प्रत्येक घटकाकडे पाठवणारे मंडलही, नव्याने आखावे लागले. पहिल्या आवृत्तीतील वूफरवर एसपी१००३ आणि दुसऱ्यात एसपी१२२८ हा क्रमांक असतो. टी२७ हा वरच्या स्वरांचा ट्वीटर मात्र दोन्हींत आढळतो, म्हणून केवळ त्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. साध्या मीटरने मोजलेला रोध हा एकदिश प्रवाहाचा असतो व तो छापील आकड्यापेक्षा कमीच येतो, ही बाब ठाऊक नसल्यास चांगली जोडीही खोटी वाटू शकते. ट्वीटरभोवतीची जाड नमद्याची चौकट गायब असेल किंवा तिच्या जागी भलताच फोम चिकटवला असेल, तर तिथेच थांबावे. ती शोभेची वस्तू नाही, पेटीच्या कडांवरून होणारे ध्वनीचे विवर्तन ती आवरते.

इतर घराण्यांत ओळखीच्या खुणा निराळ्या आहेत. टॅनॉयच्या एककेंद्री घटकांची नावे चुंबकावरील आवरणाच्या रंगावरून पडली: काळा, रुपेरी, लाल व सोनेरी. १९७४ पासून मात्र रंगाऐवजी एचपीडी हे नाव आले. लाल पिढी १५ ओहमची, तर सोनेरी ८ ओहमची. एचपीडीत शंकूची कड फोमची असल्याने ती काळाबरोबर चुरा होते आणि पावसाळ्यातील दमट हवेत ही झीज अधिकच वेगाने होते. क्वाडच्या १९५७ सालच्या स्थिरविद्युत लाउडस्पीकरला ‘५७’ ही जोड तर ईएसएल-६३ हे पुढचे रूप १९८१ मध्ये आल्यावर लोकव्यवहारातच मिळाली. मूळ वस्तूवर हा आकडा शोधणारा ग्राहक निराश होतो.

एलएस३/५एच्या बाबतीत १५ ओहम श्रेष्ठ की ११, हा वाद रसिकांत अद्याप सुरू आहे, पण खरेदीच्या दृष्टीने तो गौण ठरतो. एका पेटीतील वूफर जुना व दुसरीतील नवा असलेली जोडी, दोन्ही पेट्या स्वतंत्रपणे उत्तम वाजत असल्या तरी, स्टीरिओत गायकाचा आवाज मधोमध स्थिर ठेवू शकत नाही. म्हणूनच दोन्ही पेट्यांचे अनुक्रमांक, वूफरचे क्रमांक आणि क्रॉसओव्हर जुळत असल्याची खात्री करून घेतल्याशिवाय नाशिकच्या ग्राहकाने मुंबईत पैसे मोजू नयेत.